डॉक्टर नुसतं बघत का बसतात?

वाचकांचे प्रश्न : अतिदक्षता विभाग आणि तातडीचे उपचार

या वेळच्या पत्रांत सलाईन, ऑक्सिजन आणि आयसीयूतल्या भेटीच्या वेळा यांचीच गर्दी आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत. बहुतेकांच्या तक्रारीचा सूर एकच: आमच्या माणसासाठी डॉक्टरांनी पुरेसं काही केलं नाही. ‘आत नुसतं बघूलालेत की, काय करूलाले नाहीत,’ हे वाक्य मी रोज आयसीयूच्या दाराशी ऐकते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देते.

माझ्या सासऱ्यांना लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस झाला. पहिल्या रात्री भराभर सलाईन चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बंद करून उलट लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. डिपॉझिट भरायला आम्हाला उशीर झाला होता, त्यामुळे डॉक्टरांनी हात आखडला असं घरात सगळ्यांना वाटतं. खरं काय असेल?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

डिपॉझिटचा आणि त्या बाटलीचा संबंध नसावा. सलाईन ही आयसीयूतली जवळजवळ सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. पैशासाठी हात आखडायचा असता तर आधी महागडी अँटिबायोटिक्स बंद झाली असती, सलाईन नव्हे.

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीराचाच तोल बिघडणं. त्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी पाझरतं आणि प्रेशर कोसळतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत सलाईन लागतंच. वजनाच्या किलोमागे 30 मिली हा आकडा वापरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला अर्ध्या लिटरच्या साडेतीन-चार बाटल्या. तुमच्या सासऱ्यांना पहिल्या रात्री जे मिळालं ते बरोबर होतं, आणि दुसऱ्या दिवशी जे थांबलं तेही बरोबर होतं.

यामागे थोडा इतिहास आहे. 2001 साली डेट्रॉइटच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला. 263 रुग्ण, पहिल्या सहा तासांत प्रेशरसारखे ठरावीक आकडे गाठेपर्यंत सलाईन, रक्त, औषधं. मृत्यूचं प्रमाण 46.5 वरून 30.5 टक्क्यांवर आलं. आम्ही शिकत होतो तेव्हा हा अभ्यास म्हणजे पोथी होती. मग 2011 मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 तापाच्या, गंभीर मुलांचा अभ्यास छापून आला. ज्यांना भराभर सलाईन दिलं त्यांच्यातली साडेदहा टक्के मुलं 48 तासांत गेली. ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यातली 7.3 टक्के. ती रुग्णालयं आपल्यापेक्षा साधी, त्यातली बरीच मुलं मलेरियाची, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण पोथीवरचा विश्वास तिथून उडायला लागला. 2014-15 मध्ये तीन मोठ्या अभ्यासांत डेट्रॉइटचा फायदा पुन्हा दिसला नाही. त्यानंतर 2022 मध्ये युरोपात आणि 2023 मध्ये अमेरिकेत प्रत्येकी दीड हजारांवर रुग्णांत कमी सलाईन विरुद्ध जास्त सलाईन अशी सरळ तुलना झाली. मृत्यू दोन्हीकडे सारखेच. म्हणजे सुरुवातीचं पाणी दिल्यावर आणखी ओतत राहिल्याने कुणी जास्त वाचत नाही. ते जादा पाणी फुप्फुसात, आतड्यात, पायांवर साठतं आणि पुढे तेच काढत बसावं लागतं. तुमच्या सासऱ्यांना लघवीचं इंजेक्शन त्यासाठीच दिलं असणार.

मग कुणाला आणखी द्यायचं हे कसं ठरवतात? एक युक्ती सांगते, बघायला अगदी साधी आहे. काचेची पट्टी रुग्णाच्या तर्जनीच्या पेरावर दाबायची, कातडी पांढरी पडली की तशीच दहा सेकंद धरायची, सोडायची आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनपेक्षा जास्त लागले तर रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याच तपासणीवर उपचार बेतून 2019 मध्ये 424 रुग्णांचा आणि 2025 मध्ये अनेक देशांतल्या 1,467 रुग्णांचा अभ्यास छापला. दुसऱ्या अभ्यासात मृत्यू कमी झाले नाहीत, पण प्रेशरची औषधं, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांवरचा काळ कमी झाला. तेव्हा कुणी डॉक्टर तुमच्या माणसाचं बोट धरून घड्याळाकडे बघत उभा दिसला, तर तो वेळ घालवत नाही.

जाता जाता, ‘अशक्तपणा आहे, ताकदीचं एक सलाईन लावा’ म्हणणाऱ्या सर्वांसाठी. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. आपल्या एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे, आणि भाकरीसोबत शेंगाचटणी मिळते.

वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा इमर्जन्सीत ऑक्सिजन लावलाच नाही. शेजारच्या बेडवर मात्र लावला होता. असा भेदभाव का?
— निवृत्त शिक्षक, बार्शी

बोटाला लावलेल्या चिमट्यावर वडिलांचा ऑक्सिजनचा आकडा 90 च्या वर असेल, म्हणून. 2017 मध्ये स्वीडनमधल्या 6,629 रुग्णांच्या अभ्यासात, ऑक्सिजन मुळात ठीक असलेल्यांना हार्ट अटॅकमध्ये वरून ऑक्सिजन देऊन काहीही फायदा झाला नाही. शेजारच्याचा आकडा कमी असणार. वर्षानुवर्षं विडी ओढून ज्यांची फुप्फुसं गेली आहेत त्यांना तर मोजूनच ऑक्सिजन देतो, 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतो. जास्त दिला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. अशांचा मास्क नातेवाइकांनी प्रेमाने ‘फुल्ल’ करून ठेवलेला मी पाहिला आहे. कृपा करून ऑक्सिजन कमी-जास्त करायच्या त्या चकतीला हात लावू नका.

हार्ट अटॅकमध्ये विचारायचंच असेल तर हे विचारा: आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला का? आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देणार का? लांबच्या गावाहून येणाऱ्यांसाठी हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

माझा यंत्रमागाचा कारखाना आहे. मे महिन्यात एक कामगार शेडमध्ये कोसळला. अंग भट्टीसारखं तापलेलं, बरळत होता. मी अंगावर पाणी ओतायला निघालो तर जुन्या लोकांनी अडवलं: तापल्या अंगावर गार पाणी टाकलं की लकवा मारतो. रिक्षात घालून दवाखान्यात नेला, त्यात अर्धा-पाऊण तास गेला. वाचला, पण महिनाभर चालताना झोकांड्या जात होत्या. पाणी टाकायला हवं होतं का?
— एक कारखानदार, अक्कलकोट रोड

हवं होतं. तुम्ही ज्यासाठी धावलात तेच करायला हवं होतं, हे स्पष्ट लिहिते, कारण पुढचा मे येणारच आहे आणि आपल्याकडे पारा 43 च्या वर जायला काही नवल लागत नाही.

शरीराचं आतलं तापमान 40 च्या वर आणि माणूस बरळतोय, झटके येतायत किंवा बेशुद्ध आहे, म्हणजे उष्माघात. त्या क्षणापासून मेंदू, यकृत, मूत्रपिंड अक्षरशः शिजत असतात. तोल सांभाळणारा लहान मेंदू उष्णतेला विशेष नाजूक. झोकांड्या जातात त्या त्याच्यामुळे. गार पाण्याने लकवा मारत नाही, गार करायला उशीर झाला की मेंदूला इजा होते. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणायचं हे आमचं उद्दिष्ट असतं, आणि तुमचा अर्धा तास रिक्षातच गेला.

अमेरिकेत फॅल्मथ या गावी दर ऑगस्टमध्ये धावण्याची मोठी शर्यत होते. तिथले डॉक्टर शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवतात. अठरा वर्षांत उष्माघाताचे 274 धावपटू त्यांनी त्या टबांत बुडवले. एकही दगावला नाही. ते तरुण, धडधाकट लोक होते हे खरं, पण लूमवर बारा तास उभा राहणारा कामगारही कष्टातूनच तापलेला असतो. शिवाय शेडमध्ये सुताला ओल लागते म्हणून दारं-खिडक्या बंद, हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही.

टब तुमच्याकडे नसेल, ताडपत्री असेल. चौघांनी चार कोपरे उचलून धरायचे, मध्ये झोळी होते. त्यात माणसाला निजवायचं, डोकं एकाने वर धरायचं, कॅनचं गार पाणी आणि बाजूच्या टपरीवरचा बर्फ ओतायचा आणि पाणी हलवत राहायचं. आमच्याकडे आणलं तरी आम्ही हेच करतो. 108 ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने लावायचा. तोंडात पाणी घालायचं नाही. बरळणाऱ्याच्या घशातून ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ते चालत नाही आणि आधीच भाजलेल्या यकृतावर भार पडतो. माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की बाहेर काढा.

घरात तापलेल्या पत्र्याखाली निपचित पडलेल्या आजी-आजोबांसाठी झोळी नको. कपडे काढून अंग सतत ओलं ठेवा, पंखा जोरात लावा आणि निघा.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने शेतातलं फवारणीचं औषध घेतलं. गावात मिठाचं पाणी पाजून उलट्या करवल्या. तालुक्याला नेल्यावर ‘पाम’ नावाचं इंजेक्शन शिल्लक नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. ते इंजेक्शन सोलापुरातून आणायला मी धावलो असतो तर तो वाचला असता का, हे मनातून जात नाही.
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्या इंजेक्शनविषयी जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं सांगते.

पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांवर हे द्यायची जुनी रीत आहे. त्याच्या बाजूचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्या शेजारचाच, बारामतीचा. 2006 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी 200 रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला. मोठ्या डोसचं पाम सलग 48 तास चालवलेल्या गटात एक टक्का मृत्यू, थोडं थोडं दिलेल्या गटात आठ टक्के. बारामतीसारख्या गावातून असं काम जगभर जावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण 2009 मध्ये श्रीलंकेत 235 रुग्णांवर पाम आणि नुसतं सलाईन अशी तुलना झाली. तिथे पामने कुणाला वाचवल्याचं दिसलं नाही; उलट पामच्या गटात मृत्यू थोडे जास्तच होते. विष कोणतं, किती घेतलं, रुग्ण किती वेळाने पोचला, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे आज पाम मिळालं नाही म्हणून माणूस गेला, असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. तुम्ही धावला असता तरी बहुधा तेच झालं असतं.

जे खात्रीने उपयोगी पडतं ते अ‍ॅट्रोपिन. अगदी जुनं, स्वस्त, तालुक्यालाही असतं. नाही म्हणायला ते देण्याची पद्धत मात्र बदलली. पूर्वी ठरावीक वेळाने ठरावीक डोस असायचा. आता दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात, फुप्फुसातली घरघर थांबेपर्यंत. बांगलादेशात चितगावला दोन्ही पद्धतींची तुलना झाली, 2012 मध्ये छापली गेली: जुन्या पद्धतीत साडेबावीस टक्के मृत्यू, नव्या पद्धतीत आठ. हे काम बसून करायचं असतं. स्टेथोस्कोप पाठीवर खालपर्यंत टेकवायचा, ऐकायचं, डोस द्यायचा, पाच मिनिटांनी पुन्हा ऐकायचं. अशा रात्री रेसिडेंट डॉक्टर त्या खाटेची जागा सोडत नाही. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की रुग्ण हवेत काहीतरी वेचायला लागतो, कपडे ओढतो; त्याला वेड लागलेलं नसतं, डोस उतरवला की उतरतं.

मिठाच्या पाण्याबद्दल इतर वाचकांसाठी लिहिते. उलटी करवू नका. औषधात मिसळलेलं रॉकेलसारखं द्रावण उलटीवाटे फुप्फुसात जातं आणि मग एकाचे दोन आजार होतात. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कुशीवर निजवा, डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या आणि जवळच्या दवाखान्यात पोचा. तिथे अ‍ॅट्रोपिन सुरू करून मगच पुढे सोलापूर.

आणि दादा, रात्री झोप लागत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात. घरात आणखी कुणी गप्प-गप्प असेल तर त्यालाही द्या. आणि औषधाचे डबे घरात नको, शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा.

आमच्या सासूबाईंना तेलुगूशिवाय काही येत नाही. न्यूमोनियासाठी आयसीयूत होत्या. तिसऱ्या रात्री नळ्या ओढायला लागल्या, नर्सला चोर म्हणाल्या. हात बांधले, झोपेचं इंजेक्शन दिलं. आम्हाला मात्र दिवसातून दहा मिनिटंच आत सोडत होते. हे योग्य आहे का?
— एक सून, पूर्व भाग, सोलापूर

योग्य नाही, असं माझं मत आहे, आणि माझे सगळेच सहकारी माझ्याशी सहमत नाहीत.

सासूबाईंना झालं ते डिलिरियम, भ्रम. आयसीयूत तो खूप जणांना होतो, म्हाताऱ्यांना जास्त. रात्रंदिवस ट्यूबलाइट, यंत्रांची टिंगटिंग, चष्मा ड्रॉवरमध्ये, कानाचं मशीन घरी, आणि भोवतीचा एकही माणूस आपल्या भाषेत बोलत नाही. धडधाकट माणसाचंही डोकं फिरेल. झोपेच्या आणि शांत करण्याच्या इंजेक्शनांवर आमची पूर्वी बरीच भिस्त असे. 2018 मध्ये अमेरिकेत 566 रुग्णांवर तपासून पाहिलं: हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध दिलं काय आणि साधं सलाईन दिलं काय, भ्रम तेवढेच दिवस राहिला.

भेटीच्या वेळा वाढवल्याने भ्रम थांबतो का? ब्राझीलमध्ये 36 आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत बसू दिलं. 2019 मध्ये निकाल आला. भ्रमाचं प्रमाण फारसं कमी झालं नाही, हे कबूल करायला हवं. पण इन्फेक्शनही वाढलं नाही, आणि इन्फेक्शन हेच दार बंद ठेवायचं आमचं ठेवणीतलं कारण. नातेवाइकांची घालमेल मात्र स्पष्ट कमी झाली. माझ्यासाठी एवढं पुरे आहे. आमच्या विभागात आम्ही तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या आजींच्या उशाशी घरचं एक माणूस बसवतो. तिला ‘श्वास घे, नळी ओढू नको’ हे तिच्या भाषेत दहा वेळा सांगणारं कुणी असलं की हात बांधायची वेळ कमी येते. नर्सला नुसतं ‘अव्वा, नोप्पी?’ एवढं विचारता आलं तरी दुखतंय का ते कळतं.

पुन्हा वेळ आली तर वॉर्डच्या डॉक्टरांना भांडणाच्या सुरात नको, पण ठामपणे सांगा: आमच्यातलं एकच माणूस, हात धुऊन, गाऊन घालून, गर्दी न करता बसेल. चष्मा, कानाचं मशीन, कवळी पहिल्याच दिवशी आत द्या. बारा माणसं दारात आणि प्रत्येकाला ‘एकदा तोंड बघायचंय’, हे मात्र आवरा. दहा मिनिटांचे नियम मुख्यतः त्यामुळेच होतात.

माझा पुणे रोडवर ढाबा आहे. समोर अपघात होतात. उचलून न्यावं तर पोलिसांचा ससेमिरा, न न्यावं तर माणूस मरतो. काय करावं?
— ढाबाचालक, मोहोळजवळ

ससेमिऱ्याची भीती जुनी झाली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. तेव्हा ‘पैसे कोण भरणार’ म्हणून थांबू नका.

आमच्यासाठी तुमची घाई का महत्त्वाची, ते सांगते. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन आहे, रक्ताची गुठळी टिकवून धरतं. 2010 मध्ये 40 देशांतल्या 20,211 जखमींवर त्याचा अभ्यास झाला. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. तीन तासांनंतर दिलं तर उलट जास्त. औषध तेच, डोस तोच. मधल्या वेळात ढाब्यासमोर जे घडतं ते आमच्या हातात नसतं.

108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत जिथून रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही हातांनी दाबा. दाबलेलं उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हेल्मेट ओढून काढू नका, मान वळवू नका. पाणी मागितलं तरी पाजू नका, ऑपरेशनची वेळ येऊ शकते. हळद, चुना, तंबाखू जखमेवर नको. ढाब्यावरच्या पोरांना हे एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना करून दाखवा.